हात न मिळवल्याबद्दल शून्य

माझ्या धाकट्या बहिणीनं ज्या दिवशी उस्तादाला हरवलं, त्याच संध्याकाळी तिची बदनामी सुरू झाली. उस्ताद हे काही त्याचं नाव नव्हे. बुद्धिबळातले सगळे त्याला तसं म्हणतात आणि तोही ते अंगावर मिरवतो. कॅमेऱ्यासमोर उभा राहून, गालातल्या गालात हसत तो म्हणाला, "मी काही आरोप करत नाही. पण बाई डावात कितीदा उठून आत जात होत्या, ते बघा म्हणजे झालं."

झालंच. आत जाऊन ही फोनवर चाली बघते, अशी काडी टाकून हा मोकळा. धाकटीचं त्या दिवशी पोट बिघडलं होतं, पण हे तिनं कोणाकोणाला सांगत फिरायचं? आई सारखी म्हणायची, "तिनं त्याचं काय घोडं मारलं होतं गं?" मारलं होतं की! घोडा मारला, हत्ती मारला आणि वर डावही घेतला. तेच तर झोंबलं होतं त्याला.

मग बुद्धिबळ महासंघानं चौकशी लावली. प्रत्येक डावाआधी तिच्या, आणि तिच्यापायी इतर मुलींच्याही, केसांतल्या पिना काढायला लावल्या, तिच्या बुटांचे तळ वाकवून पाहिले, कानात बॅटरी मारून पाहिलं. तिच्याकडे शिकायला येणारी मुलं एकेक करून बंद झाली. त्यांच्या आया फोनवर सांगायच्या, परीक्षा आहे, सर्दी झालीय. वर्ष असं काढल्यावर महासंघानं कळवलं, "गैरप्रकाराचा पुरावा आढळला नाही." निर्दोष हा साधा शब्द लिहायला यांच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या का? उस्तादाबद्दल तर अवाक्षर नव्हतं. धाकटीनं त्याच्याविरुद्ध तक्रार केली, तर म्हणाले, तो मुलाखतीत बोलला, पटावर नाही, आम्हाला यात हात घालता येत नाही.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. मागून धडक देणारा माणूस "मी काही ठोकलं नाही, जरा पुढे आलो एवढंच" असं म्हणाला, तर भर चौकात त्याची कोणी गय करत नाही. इथे धडक देणारा ऐटीत पुढे निघून गेला होता आणि झडती चालली होती ती पुढच्या गाडीची.

धाकटीला एकच हवं होतं. जो चारचौघांत बोलला, त्यानं चारचौघांत सांगावं की माझ्याकडे पुरावा नव्हता. माफी नको, भरपाई नको, तेवढं एक वाक्य.

आणि मग संघनिवडीच्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, तिची गाठ त्याच्याशीच पडली. डाव बरोबरीत सुटला तरी तिची संघातली जागा पक्की होती.

सकाळी आम्ही हॉटेलात चहा घेत होतो, तेव्हा महासंघाचे अध्यक्ष स्वतः खुर्ची ओढून बसले. ते तिच्याशी नाही, माझ्याशी बोलले.

"ताई, तुम्ही मोठ्या आहात. जरा समजवा हिला. डावाआधी हसून हात मिळवायचा, फोटो येऊ दे, विषय संपला."

"कोणाचा संपला?" मी विचारलं.

"नियमच आहे हो तो. हात मिळवायला नकार दिला, तर डाव जातो. उगाच नुकसान नको व्हायला."

ते गेल्यावर मी कप आपटलाच. पण खरं सांगायचं तर मलाही ती जागा हवी होती. "मिळव एकदाचा हात," मी धाकटीला म्हणाले, "आणि मग पटावर त्याचा चोळामोळा कर." ती पावाला लोणी लावत बसली.

खेळाच्या दालनात आम्ही प्रेक्षक दोरीमागे होतो. उस्ताद आला, कोटाचं बटण लावलं, कॅमेरे नीट रोखले गेलेत याची खात्री केली आणि हात पुढे केला. धाकटीनं आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आधी सांगा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण दोरीपर्यंत ऐकू आला. "तुमच्याकडे पुरावा होता का?"

उस्ताद हसला. "आपण खेळायला आलोय ना?"

मुख्य पंच असलेल्या बाई लगबगीनं आल्या. त्यांनी वाकून काहीतरी सांगितलं. धाकटीनं नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी ताठ उभं राहून. शिकाऊ माणूस गाडी भिंतीवर घालायला लागला की माझा पाय आपोआप माझ्या बाजूच्या ब्रेकवर जातो. तसा तो जमिनीवर दाबला गेला. धाकटीनं पुन्हा नकार दिला. पंचबाईंनी घड्याळ थांबवलं आणि तिला शून्य दिलं. एकही प्यादं हललं नव्हतं.

बाहेरच्या बोळात मी तिला गाठलं आणि माझा तोल गेला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्याला हवं होतं ते ताटात वाढून दिलंस!"

"ताई, माझी तक्रार ते ऐकून घेत नव्हते," ती म्हणाली. "पण डाव गेला की अपील करता येतं. ते ऐकावंच लागतं. दोन्ही खेळाडूंना समोर बसवून, दार उघडं ठेवून. त्यालाही उत्तरं द्यावी लागतात. दुसरी वाटच ठेवली नव्हती त्यांनी मला."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, अध्यक्षांच्याही नसावं. कारण अपिलाची बातमी ऐकून ते धावत आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

सुनावणी दुपारी झाली. टेबलापलीकडे अपील समितीचे तीन जण होते, मधोमध एक निवृत्त पंच. दारात खेळाडूंची ही गर्दी. निवृत्त पंचांनी धाकटीला विचारलं, "हात का मिळवला नाही?"

"यांनी माझ्यावर चोरीचा संशय घेतला आणि तो मागे घेतला नाही, म्हणून."

"मी चोरी हा शब्दच वापरला नाही," उस्ताद म्हणाला. "मला दिसलं ते सांगितलं."

"पुरावा होता?" निवृत्त पंचांनी विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?"

"नकाराला कारण होतं की नव्हतं, ते मला ठरवायचंय. तेव्हा संबंध आहे. होता का पुरावा?"

उस्तादानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत होते.

"नव्हता," तो पुटपुटला.

"जरा मोठ्यानं."

"नव्हता! मला तसं वाटलं."

"वाटलं?" दारातून एक खेळाडू मुलगी ओरडली. "तुम्हाला वाटलं म्हणून वर्षभर आम्हा सगळ्या मुलींच्या पिना काढतायत?" तिला गप्प केलं गेलं, पण दारातली कुजबुज काही थांबेना.

निकाल तासाभरात आला. कारण समजण्यासारखं आहे, पण नियम तो नियम. शून्य कायम. उस्तादाचं बोलणं या समितीच्या कक्षेत येत नाही. संध्याकाळी संघ जाहीर झाला. धाकटीचं नाव नव्हतं. कर्णधार म्हणून उस्तादाचं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अध्यक्षांना जिन्यात अडवलं. "पुराव्याशिवाय बोलणारा कर्णधार, आणि जिच्याविरुद्ध पुरावा नाही ती घरी? लाज कशी वाटत नाही?" ते म्हणाले, "ताई, मी समजू शकतो." काय समजणार होता हा माणूस, कपाळ?

गाडीत बसल्यावर मी धाकटीची समजूत काढायला गेले. "जाऊ दे. निदान वदवून तरी घेतलंस त्याच्याकडून. तुला हवं होतं ते मिळालं ना?"

तिनं डॅशबोर्डवर मूठ आपटली. वर्षभर जिचा आवाज चढला नव्हता, ती किंचाळली.

"मिळालं? खरं बोल एवढंच सांगत होते मी त्याला! ते तर त्यानं पहिल्याच दिवशी, फुकट बोलायला हवं होतं. त्याच्या खरं बोलण्याची किंमत मी का भरायची, ताई? मी का?"

मी किल्ली फिरवली नाही. काचा वर केल्या आणि तिला ओरडू दिलं.