सईच्या वाटच्या पोळ्या

मुंजाबा गुरुजींनी डब्याचं झाकण उघडलं आणि आतल्या दोन पोळ्या ताटात काढल्या. गॅसवरची भाकरी टम्म फुगली होती. ती त्यांनी चिमट्यानं उतरवून टोपल्यात टाकली, गॅस बंद केला आणि हाताचं पीठ न झटकताच एकदा पोळ्यांकडे, एकदा भाकरीकडे पाहत उभे राहिले.

साडेबारा वाजत आले होते. सईची शाळेची रिक्षा आता कोणत्याही क्षणी कोपऱ्यावर वाजणार होती. सई तिसरीत होती. तिची आई रत्नमाला शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला, बाप रामेश्वर वाळूजला शिफ्टमध्ये. चिकलठाण्याच्या त्या दोन खोल्यांत दुपारी आजोबा आणि नात, दोघंच.

ओट्यावरचा फोन वाजला. रत्नमाला होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे कॅन्टीनमधून बोलत होती.

"मामा, दवाखान्यातून फोन आलता. रिपोर्ट आलाय. पाचला बोलावलंय. मी परस्पर येते, तुम्ही सईला घेऊन या."

"येतो."

"आणि पोळ्या खाऊ घाला तेवढ्या. रिपोर्ट हातात पडेपर्यंत काही बदलू नका म्हणलेत ते."

"व्हय," गुरुजी म्हणाले आणि फोन परत ओट्यावर ठेवला.

वर्षभर सईचं पोट फुगत होतं. जुलाब लागायचे, वजन हलत नव्हतं. प्रार्थनेच्या रांगेत ती उंचीनं लहान म्हणून सगळ्यांत पुढं उभी राहायची, ती पुढंच राहिली. कुणी जंत म्हणालं, कुणी नजर. शेवटी जालना रोडवरच्या पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, सिलियॅक नावाचा आजार असावा, तिला गहू बाधतोय. पण नक्की ठरवायचं तर तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढावा लागेल. तिच्या अंगात रक्त इतकं कमी होतं की ते वाढवल्याशिवाय भूल देता येईना. तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. तोवर रोज दोन पोळ्या खायच्याच, असं डॉक्टरांनी सईला समोर बसवून नीट समजावलं.

गुरुजी तेव्हा खाली औषधांच्या खिडकीशी उभे होते. त्यांच्यापर्यंत निरोप आला तो सुनेकडून आणि एवढाच: रोज दोन पोळ्या, चुकवायच्या नाहीत. का, ते त्यांनी विचारलं नाही. समजलं नाही तर विचारा, असं पस्तीस वर्षं झेडपीच्या शाळांतून पोरांना सांगत आलेल्या माणसानं विचारलं नाही.

शाळेत पोट दुखू नये म्हणून रत्नमाला तिला डब्यात पोहे नाहीतर भात द्यायची आणि पोळ्या घरी झाकून ठेवायची. पहिले दोन आठवडे सईनं त्या मुकाट्यानं खाल्ल्या. दोन वाजले की ती गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर पडायची आणि मोठी गोष्ट सांगा म्हणायची. गोष्टीच्या मध्येच गुरुजींचं बोट तिच्या मुठीत आवळलं जायचं. तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी तिला उलटी झाली. तिनं चूळ भरली, तोंड पुसलं, परत ताटावर येऊन बसली आणि उरलेली अर्धी पोळी हातात घेतली.

ते मात्र त्यांना बघवलं नाही. त्यांनी ताट ओढून घेतलं आणि फळीवरचा ज्वारीच्या पिठाचा डबा काढला. बदलीच्या गावांत एकटं राहताना त्यांचा हात भाकरीवर पक्का बसला होता. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. पोळी तेव्हा सणासुदीला दिसायची. सुनेच्या घरात ती रोज होते, याचा त्यांना कोण अभिमान. त्या दिवशी तीच पोळी त्यांना वैऱ्यासारखी वाटली. रक्तानं एकदा सांगितलंय, मग लेकराला छळायचं कशाला, एवढंच त्यांच्या मनात आलं.

तेव्हापासून सईच्या ताटात भाकरी, आणि तिच्या वाटच्या पोळ्या गुरुजींच्या. संध्याकाळी रत्नमाला विचारायची तेव्हा ते म्हणायचे, डबा रिकामा आहे. सई काही बोलायची नाही. दुखणं मात्र म्हणावं तसं हटलं नाही. रविवारी आई घरी असते, त्या दिवशीच्या पोळ्या बाधत असतील, असा त्यांनी आपल्यापुरता हिशेब लावला.

मग तपासणीचा दिवस आला. सईला हिरवा झगा घातला होता, हाताला सुई टोचून झाली होती. डॉक्टर दारात थांबून म्हणाले, "पोळी चालू होती ना? मध्ये बंद केली असेल तर आतली जखम भरत जाते आणि आम्हाला काही सापडत नाही. मग परत सहा आठवडे गहू आणि परत हेच सगळं."

"रोज दोन," रत्नमाला म्हणाली. "मामा स्वतः बसून खाऊ घालतात."

गुरुजींनी तोंड उघडलं तोवर दार लागलं होतं.

त्याला आज आठ दिवस झाले. आठ दिवस ते घरात होते आणि घर त्यांच्याभोवती आवळत चाललं होतं. रिपोर्ट चांगला आला तर रामेश्वर पेढे घेऊन येईल, सगळे सुटकेचा श्वास टाकतील, आणि त्या लेकराच्या ताटात जन्मभर तेच विष वाढलं जाईल. बोलावं, तर पुन्हा दीड महिना पोळ्या, पुन्हा सुई, पुन्हा भूल. बोललं तरी हाल सईचे, न बोललं तरी सईचेच. तीनदा ते सुनेसमोर जाऊन उभे राहिले आणि तीनदा पाणी मागून परत आले. शाळेत एखादं पोर चूक सांगायला उठून उभं राहिलं की ते म्हणायचे, बस आधी, बसून सांग. पाय लटपटले की शब्दही लटपटतात. घरात सईनं आरसा फोडला तेव्हाही त्यांनी तिला मांडीशी बसवूनच ऐकलं होतं. त्यांना स्वतःला बसवणारं कुणी नव्हतं.

आज त्यांनी एवढं ठरवलं होतं की पाच वाजता डॉक्टरांसमोर सांगून टाकायचं. आणि सहा आठवडे पुन्हा करायचेच असतील तर त्यातला एक दिवस तरी वाया घालवायचा नाही.

रिक्षा वाजली. सई आली, दप्तर टेकवलं, हातपाय धुऊन ताटावर बसली. ताटातल्या पोळ्या बघून ती थांबली.

"आबा, आज भाकरी नाय?"

"आज पोळी खा, बाळा."

तिनं पोळीचा कोपरा मोडला. मग तो परत ताटात ठेवला.

"मग आज चार होतील."

"कशाच्या चार?"

सईनं दाराकडं पाहिलं, जणू आई तिथं उभी असावी. मग ती उठली, दप्तरातून मराठीची वही काढली आणि शेवटचं पान उघडून आजोबांपुढं धरली. पानावर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढं पेन्सिलीनं केलेल्या बरोबरच्या दोन खुणा. नेमून दिलेलं काम झालं की मागच्या पानावर खूण करायची, ही सवय गुरुजींनीच तिला लावली होती.

"माझ्या बेंचवरच्या मनस्विनीला पोहे लई आवडतात," सई म्हणाली. "मी तिला माझा डबा देते, ती मला तिच्या पोळ्या देते."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी आई असते ना."

गुरुजींनी चष्मा चढवला. पहिली तारीख मंगळवारची होती. त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशीची. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत राहिलं. एका तारखेपुढं एकच खूण होती.

"त्या दिवशी तिला पण भूक होती," सईनं खुलासा केला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही भाकरी थापताना खूश दिसायचात." तिनं पानाचा मुडपलेला कोपरा सरळ केला. "आणि डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. दुखतं ती जागा दिसली पायजे, नायतर त्यांना सापडत नाय."

गुरुजींना पुढचं विचारवत नव्हतं, तरी त्यांनी विचारलं. "मग शाळेत दुखायचं नाही?"

"शेवटच्या तासाला. बेंचवर डोकं ठेवलं की कमी होतं."

त्यांनी वही मिटली. पुठ्ठ्यावर त्यांच्या बोटांचं पीठ उमटलं. त्यांनी ताटातल्या पोळ्या उचलून डब्यात टाकल्या आणि टोपल्यातली भाकरी तिच्या ताटात वाढली. ती आता निवली होती. सईनं ती वरणात चुरली आणि सगळी संपवली. निघताना त्यांनी वही आपल्या पिशवीत घातली.

दवाखान्यात रत्नमाला आधीच येऊन बसली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. डॉक्टरांनी तिघांना आत घेतलं, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, शंका राहिली नाही, सिलियॅकच आहे. गहू, रवा, मैदा, सातू कायमचं बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ खुशाल खाऊ दे. सहा महिन्यांत पोरगी उंच व्हायला लागेल.

रत्नमालानं ओढणी डोळ्यांना लावली. रडू आलं ते आजाराचं की नाव सापडल्याचं, तिलाही कळलं नसावं.

"बऱ्याच घरांत मध्येच पोळी सोडतात," डॉक्टर म्हणाले, "आणि सगळं पुन्हा करावं लागतं. तुम्ही नेटानं चालू ठेवलीत म्हणून एका फेरीत झालं."

"मामांमुळं," रत्नमाला म्हणाली. "माझ्याच्यानं झालं नसतं."

गुरुजींची खुर्ची मागं सरकली. ते उठून उभे राहिले होते. डॉक्टरांना वाटलं, निघाले. पुढच्या पेशंटसाठी त्यांचा हात घंटीकडं गेला. गुरुजींनी पिशवीतून वही काढली, पण ती टेबलावर ठेवायच्या आधीच त्यांचे पाय लटपटायला लागले.

त्यांच्या सदऱ्याचं टोक कुणीतरी हळूच खाली ओढलं.

"आबा," सई म्हणाली, "बसून सांगा."