चार बोटं माया

मास्टरांनी शर्ट वर केला. डॉक्टरीणबाईंनी कमरेच्या डाव्या बाजूची जखम पाहिली आणि नुसतं "हं" म्हटलं. त्या एका "हं"मध्ये मास्टरांना सगळं कळलं. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे गेली होती.

अंगावर कुठेही पिकलेली जखम असली की नवा गुडघा बसवत नाहीत. जंतू रक्तातून जाऊन तिथेच घर करतात. आणि जुन्या गुडघ्यावर मास्टरांना दुकानात कापड बेतायच्या टेबलापाशी दहा मिनिटंही उभं राहवत नव्हतं. बसून शिवता येतं, पण बेतायला उभंच राहावं लागतं. आणि ज्याला बेतता येत नाही त्याला मास्टर कोण म्हणणार?

"डॉक्टर, तुम्हीच म्हणालात वजन उतरवा," मास्टर म्हणाले. "एकशे अठराचा ब्याऐंशीवर आलो. अडीच वर्षं तोंडाला कुलूप घातलं. रक्तात साखरही वाढलेली नाही. मग एवढंसं खरचटलेलं भरून यायला दोन दोन महिने का लागतात?"

बाईंनी स्टूल जवळ ओढलं. "वजन उतरलंय, मास्टर. पण तुमच्या रक्तातल्या शिपायांना ते अजून कळलेलं नाही."

"कसले शिपाई?"

"रोगाशी लढणाऱ्या पेशी. वीस वर्षं तुम्ही लठ्ठ होता. तेवढ्या काळात त्यांना वाईट सवयी लागल्या. नको तिथे उगाच आग लावायची आणि बोलावलं तिथे पाय ओढत यायचं. चरबी गेली तरी त्यातल्या काहींची सवय जात नाही, असं आता दिसायला लागलंय. तुमचं कारण तेच असावं, असं मला वाटतं."

"किती दिवस चालणार हे?"

"दिवस नाही, वर्षं. पाच म्हणा, जास्तही असतील. नक्की कुणालाच सांगता येत नाही. तेवढा काळ वजन आहे तिथेच धरलं तर सवय सुटेल, अशी आशा. पुन्हा वाढवलंत, तर मात्र केलेलं पाण्यात." मग त्यांचं लक्ष पँटच्या कमरपट्टीकडे गेलं. "पण दोन्ही वेळा त्याच जागी कसं खरचटतं हो?"

त्यांनी पट्टी उलटी केली. आत कापडाची जाडजूड वळी होती, दोरखंडासारखी.

"हे काय?"

"माया," मास्टर ओशाळून म्हणाले. "शिवणीच्या आत जादा कापड सोडतो आम्ही. गिऱ्हाईक अंगाने सुटलं तर उसवून वाढवता येतं."

"एवढं सोडता?"

"गिऱ्हाइकाला एक बोट. स्वतःला... चार बोटं सोडली."

"का?"

मास्टरांनी शर्ट खाली केला. ह्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण सांगायची लाज वाटली. दर पाच किलोंनंतर त्यांनी पँट आत घेतली होती, पण आतल्या जादा कापडाला कात्री लावायचं धाडस एकदाही झालं नव्हतं. आपण बारीकच राहू, यावर त्यांचाच विश्वास नव्हता.

परतताना बेकरीपाशी त्यांचे पाय थांबले. ताज्या पावाचा वास रस्ताभर सुटला होता. अडीच वर्षं उपास काढला आणि रक्ताला पत्ताच नाही! मग कुणासाठी चाललंय हे? बेकरीवाल्याने कागदाची पिशवी उघडलीसुद्धा. "काय देऊ?"

"काही नाही," मास्टर म्हणाले. "नुसता उभा होतो." आणि लंगडत निघाले.

दुकानात बायको शर्टाची काजं करत बसली होती. टेबल आणि कपाट यांच्यामधल्या वाटेतून मास्टर तिरके होऊन आत आले.

"काय म्हणाल्या?"

"सहा आठवडे पुढे. माझ्या रक्ताला वाटतं, मी अजून लठ्ठच आहे."

"रक्ताचं काय घेऊन बसलात, तुम्हालाही तसंच वाटतं. दोघं जातील एवढ्या जागेतून अजून तिरके होऊन येता."

घरचा पायजमा चढवून मास्टरांनी अंगावरची पँट आणि कपाटातल्या बाकी तीन टेबलावर टाकल्या, चष्मा लावला आणि मोठी कात्री उचलली.

बायकोची सुई थांबली. "अहो, माया कापताय? तीस वर्षांत कुणाची कापली नाहीत!"

"हो."

"आणि पुन्हा सुटलात तर?"

"तर चादर गुंडाळून बसेन दुकानात. गिऱ्हाइकं काय ते समजून घेतील."

कात्री चालू लागली. कर्रकर्र आवाज होत होता. दुसऱ्या पँटपर्यंत गुडघा ठणकायला लागला, तिसरीला घाम फुटला. बायकोने स्टूल पुढे सरकवलं. त्यांनी ते पायाने बाजूला सारलं. चौथी झाली तेव्हा टेबलाखाली चिंध्यांचा ढीग पडला होता.

"एवढ्याने जखम भरेल?" तिने विचारलं.

"घासणं तर थांबेल. भरायला वेळ लागेल म्हणाल्या. लागू दे." त्यांनी शिवण दाबून सपाट केली, मशीनवर टीप मारली आणि पँट घालून पाहिली. कमरेवर हात फिरवला. आत बोटभरच कापड लागलं.

मग टेबल आणि कपाटामधून ते सरळ चालत गेले. दुखरा गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर आदळला आणि मास्टर कळवळले.

बायकोला हसू आवरेना. "तिरकेच बरे होता की!"

"पाच वर्षं आहेत," गुडघा चोळत मास्टर म्हणाले. "होईल सवय." आणि ते पुन्हा फिरून, सरळच, त्या वाटेतून आले.