दुपारची गोळी आणि माझा पेला

मी एक जुना मिक्सर आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलो आहे.

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी दिगंबरकाका आणि इलाकाकूंच्या ओट्यावर मी एकवीस वर्षं बसलो आहे. इथल्या यंत्रांना ओलं खोबरं नीट वाटता येत नाही, म्हणून काकूंनी इथल्या विजेवर चालणारा देशी मिक्सर, म्हणजे मला, हौसेने आणलं. गणपतीत माझ्या चटणीचं इथलं सगळं मराठी मंडळ कौतुक करत असे. ते दिवस सुखाचे होते.

मग काकांना पार्किन्सन्स झाला. हात थरथरू लागले, पावलं अडखळू लागली. डॉक्टरांनी दिवसाला तीन गोळ्या दिल्या. दुपारच्या गोळीने काकांना मळमळायचं. तेवढ्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लेख आला. फळांतली अँटिऑक्सिडंट्स मेंदूच्या पेशींचं कदाचित रक्षण करत असतील, संशोधन चालू आहे, असं त्यात लिहिलं होतं. ग्रुपवर फिरता फिरता त्यातलं ‘कदाचित’ गळून पडलं. काकूंनी दुपारची गोळी परस्पर बंद केली आणि तिच्याऐवजी ब्लूबेरी आणि डाळिंबाचा पेला सुरू केला.

तो पेला रोज मला बनवावा लागे. मी फळं वाटतो, औषध बनवत नाही! पण माझी घरघर कोण ऐकतो?

तीन आठवड्यांनी काका टपाल आणायला बाहेर गेले. दुपारची गोळी नसल्याने बर्फात त्यांचे पाय जागीच खिळले, तोल गेला आणि मनगट मोडलं. मुलगा देवांग धावत आला. त्याने गोळ्या मोजल्या, तर दुपारच्या तशाच शिल्लक होत्या.

“बाबा, तुम्ही दुपारचा डोस स्किप करत होता? डॉक्टरांना एक कॉल तरी करायचा.”

काका हळूच म्हणाले, “गोळी बंद झालीय हे मला कळत होतं. पण इला इतक्या आशेनं ग्लास आणायची, तिला नाही कसं म्हणू?”

काकूंनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. मला तर दोघांचाही राग आला. एकीने विचारलं नाही, दुसऱ्याने सांगितलं नाही, आणि याला म्हणे प्रेम!

डॉक्टरांनी मळमळीवर उपाय दिला. फळं खुशाल खा, पण गोळीच्या जागी नको, असंही बजावलं. एवढ्याशा बोलण्यासाठी काकांनी हाड मोडून घेतलं.

मित्रांनो, मला पुसू नका, माझ्या पात्यांना धार लावू नका, हवं तर अडगळीत टाका. पण आपल्या माणसाची गोळी माझ्या भरवशावर कधीही बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा. फळं वाटायला मी आहेच.