सुमनबाईंसाठी एक दुपार

या दोन पाहुण्यांकडून इंद्रजीतला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पैसे म्हणाल तर फार नाही. पण पाहुणे खूश होऊन गेले, तर नागपूरचा अंकुर आपल्या ऑफिसातले वीस जण पावसाआधी घेऊन येणार होता. ते आले, तर इंद्रजीतला पुण्यात दुसऱ्याची गाडी चालवायला परत जावं लागणार नव्हतं. त्याची लेक खुशी बापाला मोबाइलवर बघायची, ती रोज अंगणात बघणार होती. एवढं सगळं त्यानं एका दिवसाच्या कार्यक्रमावर लावलं होतं.

कार्यक्रम मात्र हुशारीनं आखलेला. इंद्रजीतचा बंजारा तांडा घाटंजीच्या पुढे, टिपेश्वरच्या जंगलाला लागून. सकाळी मोहाच्या झाडांखालून रानवाट, वाटेत तेंदूची टेंभरं तोडून खायची. दुपारी चुलीवरचं जेवण, मग आई हंसाबाईचं भरतकाम बघायचं आणि तीनला जंगलाच्या गेटवर. मे महिन्यात झरे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ येऊन बसतो. जीप किसनरावांची. किसनराव कापसाचे शेतकरी. उन्हाळ्यात त्यांचं शेत मोकळं असतं, आणि तोंडही.

अंकुर हातभर लांब लेन्स घेऊन आला. सोबत त्याची आत्या बबिताताई, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. अंकुरनं जवारीची भाकर, वरण, कैरीचा ठेचा तीनदा मागून घेतला. बबिताताईंनी अर्ध्या भाकरीवर हात धुतला. हंसाबाईनं ते बघून ठेवलं. तिच्या हिशेबात अर्ध्या भाकरीवर उठणारी बाई एक तर आजारी असते, नाहीतर काहीतरी दाबून बसलेली.

जेवण झाल्यावर तिनं चुंबळ काढली. लग्नात घड्याखाली डोक्यावर ठेवायची, कवड्यांनी मढवलेली. बबिताताईंनी ती आधी उलटी केली.

“मागचा टाकाही पुढच्यासारखाच! माझी आई असंच भरायची.”

“आता नाही भरत?”

“गेली ती. फाल्गुनात.”

“मंग रडल्या का तुमी?”

बबिताताई हसल्या. “वेळ कुठे मिळाला? तेरावं, बँक, फ्लॅटचे कागद...”

हंसाबाईनं सुई पदराला टोचली आणि सरळ त्यांच्या गळ्यात गळा घातला.

तांड्यात दुःखातली बाई भेटली, की बाया तिला कवेत घेऊन सुरात रडतात, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन. ऐकू येईल ती हातातलं काम टाकून येते. सुरू झालेलं मध्येच तोडत नाहीत. पण हे परक्यासाठी करत नाहीत. चूक इंद्रजीतचीच. “पाहुण्यायले घरच्यासारखं वाटलं पाह्यजे,” असं त्यानंच आईला तीनदा बजावलं होतं.

“ए याडी...” हंसाबाईनं आईला हाक मारत सूर लावला, मग कोरड्या आवाजात विचारलं, “नाव काय व मायचं?”

“सु... सुमन.”

आणि सुमनबाई सुरात आल्या. शेजारची मानीबाई पिठाच्या हातांनी धावत आली, मागून आणखी पाच जणी. बबिताताई आधी बावरल्या, मग लाजल्या, आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी स्वतःही कधी ऐकला नसावा.

अडीच वाजले. इंद्रजीत घड्याळ दाखवत पुढे झाला. “याडी, गेट बंद होईन!”

“चूप. मधात तोडत नाही.” आणि पुन्हा सूर.

“माझं बुकिंग आहे हो,” अंकुर किसनरावांना म्हणाला.

“वाघ कोठी पळून चालला बाप्पा? त्याचं काही बुकिंग नाही.”

एवढ्यात मानीबाईनं विचारलं, “हा कोण होय तिचा?” नातू, असं कळलं. नाव कळलं. पुढच्या ओळीत सुमनबाईचा अंकुर आला. आजीविना पोरका झालेला, उन्हात उभा. अंकुरनं लेन्स खाटेवर ठेवली आणि आत्याजवळ जाऊन बसला. त्याचं पुढे काय झालं ते किसनरावांनी पाहिलं नाही. ते अचानक जीपचं चाक तपासायला गेले.

साडेतीनला हंसाबाईनं सगळ्यांना तोंड धुवायला पाणी दिलं. बबिताताईंनी स्वतःहून ताट मागितलं आणि दीड भाकर खाल्ली. अंकुरनं जेवणाचे पैसे काढले, तर हंसाबाईनं त्याचा हात मागे सारला. “रडल्या घरचे पैसे घेत नाही.”

इंद्रजीतचा चेहरा उतरला. वाघ गेला, कमाई गेली, आता वीस जणही गेले. “माफ करा साहेब,” तो म्हणाला.

“कशाबद्दल?” अंकुर खाटेवरची लेन्स पिशवीत भरत म्हणाला. “वीस जण आणतो मी. फक्त हे कार्यक्रमात घालू नका.”

इंद्रजीतच्या मनात ते येऊन गेलं होतं, खोटं कशाला सांगा. हंसाबाईनं बरोबर ओळखलं. “कार्यक्रमात? अन् रोज मेलेलं माणूस कोठून आणशीन रे?”

बबिताताई किती तरी दिवसांनी खळखळून हसल्या. जाताना त्यांनी हंसाबाईच्या पायाला हात लावला, आणि हंसाबाईनं त्यांच्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वीस जण आले. त्यांना वाघ दिसला, भाकर आवडली, आणि इंद्रजीतनं पुण्याच्या मालकाला फोन करून येत नाही म्हणून कळवलं.

तर कोणी काय भरलं? गेटचे पैसे अंकुरचे बुडाले, त्यानं परत विषय काढला नाही. जेवण इंद्रजीतच्या खिशातून गेलं. डिझेल किसनरावांनी सोडून दिलं, ही तालुक्यातली पहिलीच वेळ. हंसाबाईचा घसा दोन दिवस बसला. आणि सुमनबाईंसाठी राहून गेलेलं रडणं भरलं ते सात बायांनी, ज्यांनी त्यांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.