सासऱ्यांचा दाट रस्सा

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर खानावळ चालवली, आणि त्यांच्या रश्श्याचा दाटपणा हा आमच्या घराण्याचा एकमेव अभिमान होता. पीठ घालणाऱ्यांना ते स्वयंपाकी मानतच नसत. "पोस्टर चिकटवायची खळ ती," म्हणायचे. मग तुम्ही काय घालता, असं विचारलं की मिशीत हसायचे. रस्सा उकळायला लागला की सगळ्यांना स्वयंपाकघरातून हाकलायचे, पोटच्या मुलालाही.

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पातळ काही देऊ नका, श्वासनलिकेत जाईल. दाटच द्या. तेही गिळलं नाही, तर उद्या नाकातून नळी घालावी लागेल."

मी रस्सा केला. उकळत्या भांड्यात पीठ टाकलं, गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा गार पाण्यात कालवून घातलं, एकही गुठळी नाही. सासऱ्यांनी घास तोंडात घेतला आणि माझ्या अंगावर थुंकले. वाचा गेली असली तरी 'खळ' मला स्वच्छ ऐकू आलं.

"मग घ्या घालून नळी!" मी ओरडले, आणि तिथेच रडायला बसले.

 मग सासऱ्यांनी डाव्या हाताने खुणावलं, पातेलं आण. पातेल्यात उरलेल्या, पीठ न घातलेल्या रश्श्यातले शिजलेले बटाटे, गाजरं त्यांनी बशीत काढायला लावली, स्वतः कुस्करली, गाळणीकडे बोट दाखवलं. तो गाळलेला लगदा मी रश्श्यात ढवळला. रस्सा मऊ, दाट, पळीवरून सावकाश उतरणारा झाला. एवढंच? ह्या बटाट्यासाठी आम्हांला जन्मभर दाराबाहेर ताटकळवलं?

"मीच शिकवलंय ते ह्यांना," दारातून सासूबाई म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा. कुणाला सांगायचं नाही म्हणून ह्यांनी शपथ घातली होती. आता ह्यांनीच दाखवलं, सुटले मी."

"अहो आई, नळी घालायची वेळ आली होती!"

"शपथ ह्यांच्या गळ्याची होती गं. तो गळा आधीच असा बिघडलेला. मोडायची कशी?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. आयुष्यात कुणाचं ऐकून न घेतलेले सासरे आता काय करतात, म्हणून मी बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. सासूबाईंकडे न बघता त्यांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी चमचा भरवला. घास उतरला, ठसका लागला नाही, आणि सासऱ्यांनी परत तोंड उघडलं.