सहा नंबरच्या वाहिनीसाठी

“कॅमेरा जरा डावीकडून घ्या बाई,” केबल कंपनीचा वकील डेलाहंट टाय सारखा करत म्हणाला. “माझी उजवी बाजू टीव्हीवर बरी दिसत नाही.”

“काळजी कशाला करता?” लुवीनियाताई कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाल्या. “आमची वाहिनी कोणी बघतच नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय ना?”

कार्व्हर्स बेंडच्या नगरसभागृहात हशा पिकला. कंपनीचा जुना करार संपत आला होता. तिच्या तारा आमच्या रस्त्यांवरून जातात. त्या बदल्यात ती गावाला एक वाहिनी देते आणि ती चालवायला दर ग्राहकामागे महिन्याला पन्नास सेंट. नव्या मसुद्यात ते पन्नास सेंट नव्हते, आणि सहा नंबरवरून वाहिनी नऊशेच्या पलीकडे कुठेतरी ढकलली होती. तिथवर पोचायला टीव्हीला जोडायची वेगळी पेटी विकत घ्यावी लागते आणि बोटंही तरुण लागतात.

लुवीनिया स्ट्राउड यांनी उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या तळघरात कॅमेरा शिकल्या, आणि तेव्हापासून दर रविवारी आमच्या चर्चमधली उपासना गावभरच्या अंथरुणाला खिळलेल्यांपर्यंत थेट पोचवतात. त्यांतला एक त्यांचाच नवरा, इझेल. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्याच्या तोंडून ‘पाणी’ एवढा शब्दही निघत नाही. पण रविवारी पाळक बोलता बोलता सुरात शिरले, की तो टीव्हीसमोर खुर्चीत बसून त्यांच्या मागोमाग गातो, अगदी शब्दांसकट! डॉक्टर म्हणतात, मेंदूत गाण्याची वाट वेगळी असते. असेल. आम्ही म्हणतो, देवाने एक खिडकी उघडी ठेवली. ताईंनी मात्र ते कधी ऐकलेलं नाही. त्या तेव्हा कॅमेऱ्यामागे असतात. शेजारीण येऊन सांगते. घरी त्यांनी स्वतः गाऊन पाहिलं, पण ताईंचा गळा बेताचाच. इझेल नुसता हसतो.

डेलाहंट उभा राहिला. “आजकाल सगळं इंटरनेटवर आहे. त्यामुळे ही वाहिनी म्हणजे... म्हणजे एका अर्थी...”

“देवा, हात दे रे याला!” पहिल्या रांगेतून ड्रूसिलाआजींचा आवाज आला.

आमच्या चर्चमध्ये उपदेशक अडखळला की मंडळी असं म्हणतात. ती दाद नव्हे, याचना आहे. डेलाहंटला ती दाद वाटली. त्याचा चेहरा उजळला.

“आमच्या कंपनीचं या गावावर प्रेम आहे!”

“बरं मग?” मागून चारजण.

“फार प्रेम आहे!”

“सावकाश, लेकरा! सोपं करून सांग!”

आता सोपं करून सांग म्हटल्यावर कोणता वक्ता थांबतो? त्याने मसुदा टेबलावर ठेवला. आवाज चढला, मग हेलकावे घेऊ लागला. मागे कोणीतरी खुर्चीवर ठेका धरला. ही मंडळी गेली कित्येक वर्षं भल्याभल्या उपदेशकांना सुरात आणत आली आहेत. वकील तो काय!

“तुमच्या म्हाताऱ्यांना आम्ही विसरणार नाही!”

“आणि आजाऱ्यांना?”

“आजाऱ्यांना टाकणार नाही!”

“कुठल्या नंबरावर, बाळा?”

“सहा नंबरावर!”

“आणि खर्च?”

“खर्च आम्ही देऊ!”

सभागृह उभं राहिलं. डेलाहंट घाम पुसत खाली बसला. इतका सुखी वकील मी पाहिलेला नाही.

अध्यक्ष टिबेट्स हे कोरडे गृहस्थ. ते शांतपणे म्हणाले, “हे करारात घालू या. सहा नंबर, पन्नास सेंट, दहा वर्षं.”

“अहो, ते मी... भावनेच्या भरात...”

“ताई, भावना आली का कॅमेऱ्यात?”

“आली,” ताई म्हणाल्या. “डावीकडून घेतलीय.”

डेलाहंट फोन घेऊन बाहेर गेला. त्याच्या येरझाऱ्या दाराच्या काचेतून दिसत होत्या. ताईंचा हात कॅमेऱ्याच्या दांड्यावर घट्ट होता. थट्टा संपली होती. तो परत आला तेव्हा टाय सैल होता.

“साहेब म्हणतात, एवढ्याशा गावासाठी भांडण नको. शिवाय ते पन्नास सेंट ग्राहकाच्या बिलातच लागतात.”

“ठाऊक आहे,” टिबेट्स म्हणाले. “आम्हीच ग्राहक आहोत.”

ठराव एकमताने झाला. ड्रूसिलाआजींनी डेलाहंटच्या हातात रताळ्याचं सारण भरलेली घरची गोड पेस्ट्री ठेवली. “गळा बरा आहे तुझा. रविवारी ये. जरा विषय तेवढा चांगला निवड.”

मिठ्या, हस्तांदोलनं, अश्रू. त्या गडबडीत ताई आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेरा बंद करायला विसरल्या. घराच्या पायऱ्या चढताना त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

दार अर्धवट उघडलं तर आतून टीव्हीचा आवाज. सहा नंबरवर अजून थेट दिसत होतं रिकामं सभागृह, आणि झाडूवाला रॉस्को एकटाच खुर्च्यांची घडी करत होता. त्याला काय ठाऊक की गाव बघतंय. एक जुनं भक्तिगीत तो आपल्याच नादात गुणगुणत होता. एक ओळ झाली की थांबायचा, खुर्ची भिंतीशी लावायचा.

आणि त्या थांबण्यात इझेल पुढची ओळ गात होता. जाड, खरखरीत, स्पष्ट शब्दांत.

ताई कोट न काढता उंबऱ्यात उभ्या राहिल्या. दाराची बिजागरी कुरकुरते, म्हणून दार त्यांनी तसंच हाताने धरून ठेवलं. रॉस्कोच्या खुर्च्यांच्या अजून दोन रांगा बाकी होत्या.