थोरल्या भावाचं काय करायचं

आमच्या वितरकांचा कागदावर विश्वास नाही. लोक कागदावर गोड गोड लिहितात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कुठलाही सिनेमा घेण्याआधी ते थिएटरभर अनोळखी माणसं गोळा करतात, त्यांना तो फुकट दाखवतात, मग दिवे लावून चहा-बिस्किटं फिरवतात आणि सगळ्यांना बोलतं करतात. एखादी गोष्ट खटकली की हात वर करायचे. निम्म्याहून जास्त हात वर गेले की ती गोष्ट सिनेमातून गेली. दिग्दर्शकाला पटलं नाही तर सिनेमा त्याचा त्याला परत. पाठीमागे सगळे त्यांना कात्री म्हणतात. हे त्यांच्या कानावर आहे आणि मला वाटतं, त्यांना ते आवडतंही.

त्या सकाळी माझा सिनेमा होता. पहिलाच. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. पोटात गोळा आला असता तर बरं झालं असतं, निदान पोट आहे हे तरी कळलं असतं. तीच दृश्यं बघून बघून माझं डोकं सुन्न झालं होतं. लोक हसत होते आणि ते हसू शेजारच्या घरात नळ चालू राहावा तसं कानावर येत होतं.

बाजूला आई होती. तिनं आयुष्यभर लाँड्री चालवली. स्वतःच्या कपड्यांना मात्र सणासुदीलाही कधी इस्त्री केली नाही. आज केली होती. सिनेमात काय आहे हे तिला मी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही.

सिनेमा लाँड्रीवालीच्या मुलाचा आहे. मोठं होऊन कोण व्हायचं हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो रोज एकेका गिऱ्हाइकाचे कपडे घालून शाळेत जातो. एके दिवशी डॉक्टर, एके दिवशी वकील, एकदा तर एका लठ्ठ गवयाचा अंगरखा घालून जातो आणि वर्गात गायलाही लागतो, म्हणून वर्गाबाहेर उभा राहतो. संध्याकाळी कपडे गुपचूप धुऊन, इस्त्री करून जागेवर. ही माझीच गोष्ट. लहानपणी मी केलेले उद्योग मी दुकानात इतक्या वेळा ऐकलेत की मला तोंडपाठ आहेत. खरं तर तेव्हा मी अगदीच लहान होतो, पण सिनेमात पोराला तेरा वर्षांचा केला, कारण सहा वर्षांच्या पोराला प्रेमात पाडता येत नाही.

पण सिनेमा केला तो त्यासाठी नाही. केला तो तीन प्रसंगांसाठी. मला एक दादा होता. मी सहा वर्षांचा असताना तो तापानं गेला. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही. दादा म्हटलं की मला एवढंच आठवतं: दुकानातलं इस्त्रीचं टेबल, त्याच्याखाली बसून बटणांच्या डब्यातून एकसारखी बटणं वेगळी करणारे दोन हात, वर वाफेचा आवाज. ते मी जसंच्या तसं घेतलं. नायकाचा थोरला भाऊ तीनदा दिसतो, टेबलाखाली बसून बटणं निवडतो, एकदा "हं" म्हणतो. आईनं त्याला एकदा बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

तो दिसला तेव्हा मी आईकडे बघितलं. ती पर्समध्ये रुमाल शोधत होती. सापडल्यावर तिनं चष्मा पुसला, तोवर प्रसंग संपला. गवयाच्या अंगरख्याला मात्र ती खळखळून हसली. एवढं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

दिवे लागले. कात्री पडद्यापुढे खुर्ची टाकून बसले. त्यांची मदतनीस माईक घेऊन फिरू लागली.

पहिली बोलली एक नर्स. "मला आवडला बाई. पोरगं गोड आहे. पण गिऱ्हाइकाला स्वतःचा कोट ओळखू येत नाही, हे काही मला झेपलं नाही."

"मला अर्धा तास कळेचना, हसायचं की नाही," एक निवृत्त बसचालक म्हणाले. "मग हे बाजूचे हसले, तेव्हा सुटलो."

"विचित्र आहे, पण ओढूनताणून विचित्र नाही," कॉलेजातली एक मुलगी म्हणाली.

"थोडा ओढूनताणूनच आहे," तिची मैत्रीण म्हणाली.

हाताची घडी घातलेला एक माणूस उठला. "आम्ही असले धंदे केले असते ना, तर बापानं सोलून काढलं असतं."

"म्हणजे आवडला नाही?" कात्रींनी विचारलं.

"आवडला की! दोनदा डोळ्यात पाणी आलं."

मी हे सगळं ऐकत होतो. चांगलं बोलत होते. कोणीतरी माझ्या खांद्यावर थोपटावं आणि खांदाच बधिर असावा, अशी माझी गत होती. मग माईक पुन्हा बसचालकांकडे गेला.

"एक राहिलंच. तो थोरला भाऊ कशाला ठेवलाय? काही करत नाही, काही बोलत नाही. मला वाटलं शेवटी काहीतरी करेल. काही नाही!"

"हो ना," नर्स म्हणाली. "मी तर विसरूनच गेले होते त्याला."

"तो आला की सिनेमा थांबतो," मैत्रीण म्हणाली. कॉलेजातल्या मुलीनंही मान डोलावली. या वेळी दोघींचं एकमत झालं.

कात्रींना हेच हवं असतं. ते उभे राहिले. "थोरला भाऊ नसला तरी चालेल असं वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात वर जाऊ लागले. मोजायची गरजच नव्हती. घडी घातलेल्यानंही घडी सोडली. आणि माझ्या शेजारी, कडक इस्त्रीच्या बाहीतून, आईचा हात वर गेला. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाहेरच्या बोळात, पाणी प्यायच्या जागी, मी तिला गाठलं.

"आई, तू कशाला हात वर केलास?"

"विचारलं म्हणून केला."

"अगं, तो दादा होता."

तिनं पेला खाली ठेवला. "कोण? तो बटणं निवडणारा? चल, काहीतरीच. दादा एका जागी पाच मिनिटं बसला असता तर मी देवाचे आभार मानले असते. दादा तर तो दुसरा. कोट घालणारा. इतका हुबेहूब केलायस, चालसुद्धा तीच. मला वाटलं, मुद्दाम केलंस माझ्यासाठी."

"ते मी करायचो."

"तू?" ती हसली. "सहा वर्षांचं पोर डॉक्टरांचा कोट घालून शाळेत जाईल? फाटकातच पाय अडकून पडला असतास."

"पण दुकानात सगळे तेच सांगायचे. गिऱ्हाइकं मला बघून म्हणायची, हाच का तो कोट पळवणारा? आणि तू हो म्हणायचीस. मी समोर असायचो, आई."

बोळातून मदतनीस रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन गेली, तिला आईनं वाट करून दिली.

"म्हणायची हो," आई म्हणाली. "नाही म्हटलं असतं तर विचारलं असतं, मग तो कुठाय? ते सांगावं लागलं असतं. हो म्हटलं की हसून कपडे घेऊन जायची माणसं. आणि तेवढ्यापुरतं मलाही वाटायचं, आहे तो."

मला वाटलं, आता काहीतरी वाटेल. वाटलं नाही. मी फक्त हिशेब लावत होतो. कोट दादाचा, गाणं दादाचं, वर्गाबाहेर उभं राहणं दादाचं. सगळा सिनेमाच दादाचा.

"मग मी काय करायचो?" मी विचारलं.

"तू?" आईनं कपाळाला आठ्या घातल्या. खरंच आठवत होती, मन लावून. मी थांबलो. ती हातातल्या रुमालाची घडी करत राहिली, मोडत राहिली.

"तू शहाणा होतास," शेवटी ती म्हणाली. "तुझा कधी काही त्रास झाला नाही मला."

ती हे कौतुकानं म्हणाली. टेबलाखालचे ते दोन हात कोणाचे होते, ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्याचे हात इतक्या जवळून दिसत नाहीत. मला राग आला. आईचा नाही, दादाचाही नाही. त्या टेबलाखाली कोणी एकदाही वाकून बघितलं नाही, त्याचा. राग फार मोठा नव्हता, पण माझा होता आणि बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं होतं.

आत कात्री माझी वाटच बघत होते. लोक निघून गेले होते, खुर्च्यांखाली बिस्किटांचा चुरा होता.

"अभिनंदन," ते म्हणाले. "घेतो सिनेमा. तेवढा भाऊ काढा, परवा सही करू."

"भाऊ राहील," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, सगळ्यांनी हात वर केले. तुमच्या मातोश्रींनीसुद्धा! नियम माहितीये ना? राहिला तर सिनेमा राहिला तुमच्याचकडे."

"माहितीये."

"मला एक सांगा, त्या पोराचं काम काय आहे?"

"काही काम नाही," मी म्हणालो. "तोही त्याच घरात राहायचा."